हवे चार, मागितले आठ

सकाळी गोदामाच्या फाटकाशी ट्रक लागले की ड्रायव्हरमंडळी पत्ते काढायची. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी माल चढायचा, कागदावर शिक्का बसायचा आणि गाडी सुटायची. पण अलीकडे लेबलं छापायचं काम असं काही रेंगाळायला लागलं होतं, की एकाने उलट्या खोक्याचं टेबल केलं, दुसऱ्याने घरून सतरंजी आणली आणि तिसऱ्याने भिंतीवर खडूने गुण मांडायला सुरुवात केली. औषधांचा घाऊक व्यापार करणारी कंपनी ती. तिकडे दवाखाने औषधांची वाट बघतायत आणि इकडे फाटकावर बदामाची राणी पडतेय, हे काही शोभणारं नव्हतं.

आणि या सगळ्याचं खापर फुटत होतं दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईच्या डोक्यावर. संगणक विभागाची ती प्रमुख. वय चाळिशीच्या अलीकडे, पण अख्खी कंपनी, अगदी तिच्यापेक्षा वयाने मोठी असलेली माणसंसुद्धा, तिला मावशी म्हणायची. का, ते कळायला तिच्या आधीच्या साहेबांपासून सुरुवात करायला हवी.

त्या साहेबांना लोक कात्री म्हणायचे. कंपनीतली किरकोळ खरेदीही त्यांच्याच सहीने व्हायची, त्यामुळे कोणी काही मागायला गेलं की ते चष्म्यावरून बघायचे, कागदावरचा आकडा खोडायचे आणि त्याच्या निम्मा लिहायचे. चर्चा नाही, कारण नाही. चहाचे कप मागा नाहीतर संगणक मागा, निम्मे. असे ते वर्षानुवर्षं कापत राहिले आणि एके दिवशी निवृत्त होऊन घरी गेले. त्यांच्या जागी ही आली आणि पहिल्याच आठवड्यात लोकांना काय तो फरक कळला. हिच्याकडे मागेल त्याला मागेल तेवढं मिळत होतं. "लोक शहाणे आहेत, गरजेशिवाय कशाला मागतील?" असं तिचं सरळ म्हणणं. मग कोणीतरी म्हणालंच, "माय मरो पण मावशी जगो!" आणि ती मावशी झाली ती झालीच.

मावशीचा जीव होता तो सर्व्हरच्या खोलीवर. तिथे पूर्वी प्रत्येक विभागाचा वेगळा सर्व्हर असायचा. गोदामाचा वेगळा, हिशेबाचा वेगळा, पगाराचा वेगळा. प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात तापत, धूळ खात बसलेला आणि त्यातले निम्मे दिवसभर रिकामे. कात्रीसाहेबांच्या हाताखाली असतानाच मावशीने भांडून भांडून ती अडगळ काढायला लावली आणि तिच्या जागी मोजकीच दणकट यंत्रं आणली. त्या एकेका मोठ्या यंत्राच्या पोटात दहा-बारा आभासी यंत्रं. हाताला लागत नाहीत पण कामाला लागतात अशी. मोठ्या यंत्राचे प्रोसेसर, म्हणजे आकडेमोड करणारे हात म्हणा, सगळ्यांनी वाटून वापरायचे. ज्याला काम असेल त्याने हात घ्यायचे, काम झालं की सोडायचे. पहिलं वर्ष सगळं वाऱ्यासारखं पळालं. त्या कामगिरीवरच तिला कात्रीसाहेबांची खुर्ची मिळाली होती.

आणि आता तेच सगळं गोगलगाय झालं होतं.

"मावशी!" फोनवर गोदामप्रमुखांचा आवाज आला. या गृहस्थांचं नाव तोफखाना. फोन नसता तरी आवाज दुसऱ्या मजल्यावर पोचला असता. "एक लेबल छापायला घेतलं आणि मी चहा पिऊन आलो! पिऊन आलो हो! आणि ते यंत्र अजून विचारच करतंय!"

"बघते साहेब."

"नुसतं बघू नका! बघून बघून डोळे जातील तुमचे!"

दुपारी तिला मोठ्या बाईंनी बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे कंपनीच्या मालकीण. एका छोट्या औषधाच्या दुकानातून हा सगळा पसारा त्यांनी उभा केला होता, त्यामुळे उगाच गोड बोलायची त्यांना सवय नव्हती. समोरच्या खुर्चीत कोट घातलेला एक नेटका माणूस बसला होता. तो बाहेरच्या कंपनीचा. तुमचे सर्व्हर बंद करा, आमचे भाड्याने घ्या, असं सांगायला आलेला.

"तुझ्यावर माझा राग नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण माल निघत नाही, हे खरं ना?"

"खरं आहे, बाई."

"पुढच्या एक तारखेला सगळ्यात जास्त ऑर्डरी असतात. त्या दिवशी दुपारच्या भोंग्याआधी शेवटचा ट्रक फाटकाबाहेर गेला, तर तुझी खोली तुझी. नाही गेला, तर मी यांच्या कागदावर सही करणार."

"आणि आमच्या विभागातली माणसं?"

"कुठेतरी सामावून घेऊ."

सामावून घेऊ म्हणजे काय, ते नोकरी केलेल्या कुठल्याही माणसाला सांगावं लागत नाही. मावशी जिना उतरली ती थेट सर्व्हरच्या खोलीत गेली आणि त्या गार हवेत, त्या एकसुरी घरघरीत नुसती उभी राहिली. तिला रडू येत नव्हतं. तिला संताप आला होता, आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं म्हणून तो वाढत होता.

तिने पहिला उपाय केला तो मावशीला शोभेलसाच. गोदामाच्या आभासी मशीनला आठ प्रोसेसर दिलेले होते, तिने ते बारा केले. दुसऱ्या दिवशी तोफखान्याने फोन केला नाही. तो स्वतः वर आला.

"काय केलंत?" त्याचा आवाज चक्क खाली आला होता, आणि तेच जास्त भीतीचं होतं. "काल निदान चालत तरी होतं. आज रांगतंय."

औषध वाढवावं तसा रोग वाढत होता. मावशीने पडद्यावरचे आलेख उघडले आणि ती चक्रावली. मोठी यंत्रं दमलेली नव्हती. निम्म्या वेळी त्यांचे हात रिकामे होते. आणि त्यांच्या पोटातली आभासी यंत्रं मात्र ताटकळत होती, हात मिळत नाहीत म्हणून! हात आहेत, काम आहे, आणि तरी दोघांची गाठ पडत नाही.

ती घरी गेली तेव्हा चेहराच सगळं सांगत होता. सासूबाई जेवायला वाढत होत्या. त्यांच्या वाढण्याची घरात दहशत होती. एक डाव भात मागितला की दोन डाव पडायचे, त्याला अपील नाही. म्हणून घरातल्या सगळ्यांनी एक युक्ती काढली होती. एक डाव हवा असेल तर "अर्धाच" म्हणायचं. मावशीचा नवरा तर "नको नको" म्हणत ताटावर हात धरायचा, तेव्हा कुठे त्याला पोटापुरतं मिळायचं. लग्न होऊन आली तेव्हा मावशी आठवडाभर खरं बोलली होती आणि आठवडाभर पोट धरून झोपली होती.

"अर्धाच," ती आज म्हणाली. तिच्या ताटात बरोबर एक डाव पडला.

"खाऊन घे नीट," सासूबाई म्हणाल्या. "यंत्रं काय, आज बिघडतात, उद्या सुधारतात."

"ही बिघडलेली नाहीत, आई. तेच तर कळत नाहीये."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं आणि पाण्याचा पेला पुढे सरकवला. त्याला माहीत होतं, हिचं डोकं असं फिरत असताना उपदेश केला तर तो आपल्याच अंगावर येतो.

कंपनीच्या कँटीनमध्ये रोज एक नाटक होत असे, पण सवयीमुळे ते कोणाच्या लक्षात येत नव्हतं. हिशेब विभागात आठ माणसं. त्यांचे प्रमुख फूटपट्टी. कारण आयुष्यात त्यांनी पट्टीशिवाय एक रेघ मारली नव्हती. त्यांचा नियम असा, की जेवायचं तर आठांनी एकत्र. त्यामुळे रोज ही आठ माणसं भरलेली ताटं हातात धरून भिंतीशी रांगेत उभी राहायची. एका टेबलाशी दोन खुर्च्या रिकाम्या होत, दुसऱ्या टेबलाशी तीन होत. पण सलग आठ? त्या काही मिळत नसत. तोवर दोघंदोघं येणारे लोक मधल्यामध्ये बसून, जेवून, हात धुऊन जात. शेवटी कधीतरी आठ जागा व्हायच्याच. मग ही मंडळी गार अन्न खायची, आणि खाणारे असायचे तिघंच. बाकीच्या पाचांचं उभ्या उभ्या खाऊन झालेलं असायचं. ते आपले टेबल अडवून गप्पा मारत बसायचे. त्या आठ खुर्च्यांसाठी मग दुसरे ताटकळायचे.

मावशी कोपऱ्यात बसून हे बघत होती. तिने घास तोंडात घातला, चावायची विसरली, आणि तशीच बघत राहिली.

तिच्या कंपनीत हात वाटून देणारी जी प्रणाली होती, तिची जुनी रीत नेमकी हीच होती. ज्या मशीनला आठ हात दिलेत, त्याला एकदम आठ हात मोकळे मिळाल्याशिवाय ते कामालाच बसायचं नाही. काम दोन हातांचं असलं तरी. आणि बसलं की सगळे आठ अडवून बसायचं. हे मावशीला ठाऊक नव्हतं असं नाही. तिने ते वाचलं होतं, परीक्षेत लिहून गुणही घेतले होते. पण ज्याला आठ लागतात त्याला आठ द्यावेच लागणार, असं ती धरून चालली होती. आता तिच्या मनात पहिल्यांदा आलं, की यांना आठ लागतात हे सांगितलं कोणी? यांनीच.

तिथून ती सरळ गोदामात गेली. खोक्यांच्या भिंतींमधून वाट काढत तोफखान्यापर्यंत पोचली.

"साहेब, एक विनंती आहे. तुमच्या मशीनचे बारा प्रोसेसर कमी करून बघते. चार ठेवते."

"कमी?" तोफ उडाली. सामान चढवणारे दोन हमाल जागच्या जागी थांबले. "इथे माल निघत नाही म्हणून मी ओरडतोय, आणि तुम्ही आहे तेही काढून घेणार? आगीतून फुफाट्यात टाकताय का मला?"

"पण तुम्हाला खरंच आठ लागतात का? तुम्ही लेखी आठ मागितले होते, मी आठ दिले. त्या कामाला मला तर…"

"अहो, लेखी आठ! हवे होते चारच!"

 तोफखान्याने चटकन एक खोकं उचलून दुसरीकडे ठेवलं. बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं असावं.

"हवे चार, तर मागितले आठ का?" तिने हळूच विचारलं.

"आता काय सांगायचं?" तो मान खाजवू लागला. "कात्री बसलेला होता ना तुमच्या खुर्चीवर? चार हवे असले की आठ लिहायचे. तो निम्मे कापायचा. चार मिळायचे. सगळं कसं सुरळीत. मग तुम्ही आलात, आणि आठला आठच दिलेत! आम्हाला वाटलं बाई खुर्चीवर नवीन आहेत, चुकून दिले असतील. म्हटलं गप्प बसा, बोललो तर काढून घेतील."

"आम्हाला म्हणजे? अजून कोणाकोणाला?"

"सगळ्यांनाच हो. तुमचा विभाग सोडून कुठेही नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी हेच शिकवतात त्याला. संडास कुठे, कँटीन कुठे, आणि मागायचं ते दुप्पट."

मावशी औषधाच्या एका खोक्यावर मटकन बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. महिनोन्महिने ती यंत्रांच्या पोटात रोग शोधत होती, आणि रोग होता माणसांच्या सवयीत. एकाने कापायची सवय लावून घेतली होती, बाकीच्यांनी फुगवायची. दोन खोटी मिळून एक खरं होत होतं आणि कंपनी मजेत चालली होती. मग ही आली, हिने एक खोटं काढून टाकलं आणि दुसरं तसंच राहिलं.

वर आल्यावर तिने आधी कात्रीसाहेबांना फोन लावला. ते आता घरी कुंड्यांना पाणी घालत असत.

"साहेब, तुम्ही सगळ्यांचं निम्मं का कापायचात?"

"कारण ते सगळे दुप्पट मागायचे."

"ते दुप्पट मागायचे, कारण तुम्ही कापायचात."

पलीकडे कुंडीत पाणी ओतल्याचा आवाज आला.

"मग सुरुवात कोणी केली?" मावशीने विचारलं.

"ते आता नको विचारूस," कात्रीसाहेब म्हणाले. "पण तू… तू एकदाही कापलं नाहीस?"

"नाही."

"अरेरे," ते म्हणाले, आणि त्यांना मनापासून वाईट वाटल्याचं तिला ऐकू आलं. "जाताना सांगायला हवं होतं मी. खुर्ची दिली आणि कात्री द्यायची राहिली बघ."

रोग कळला होता, पण औषध पाजायचं कोणी? प्रत्येक मशीन थोडा वेळ बंद केल्याशिवाय त्याचे हात कमी होत नव्हते आणि त्यासाठी त्या त्या विभागप्रमुखाची सही लागत होती. एकट्या गोदामाचे कमी करूनही भागणार नव्हतं. दोघंदोघं जेवायला आले तरी बाकी सगळी टेबलं आठआठांच्या टोळ्यांनी अडवलेली असली तर काय उपयोग? सगळ्यांनी एकदम सोडायला हवं होतं, आणि मिळालेलं परत करायची कोणाची तयारी नव्हती. गोदाम म्हणे, आधी हिशेबवाल्यांनी सोडावेत. हिशेबवाले म्हणत, आधी पगारविभागाने. पगारविभागाचं म्हणणं, आम्ही तर सगळ्यात गरीब.

"माझे आठ मला लागतात," फूटपट्टी ठामपणे म्हणाले. "आठ माणसं, आठ प्रोसेसर. सरळ हिशेब आहे."

"बरं. मशीनचं राहू द्या," मावशी म्हणाली. "उद्या एक दिवस माझ्यासाठी एवढंच करा. कँटीनमध्ये तुमची माणसं दोघंदोघं बसवा. जागा दिसेल तिथे."

"त्याने काय होणार?"

"काही झालं नाही तर तुमच्या मशीनला हात लावणार नाही. शब्द देते."

दुसऱ्या दिवशी ती मोठ्या बाईंनाही कँटीनमध्ये घेऊन आली. हिशेबवाले ताटं घेऊन पुढे आले, जरा बावरले, आणि मग दोन इकडे, दोन तिकडे असे बसले. बसलेच! कोणी भिंतीशी उभं राहिलं नाही. फूटपट्टींनी पहिला घास तोंडात घातला आणि हात तोंडाशी धरून फूफू करू लागले.

"गरम आहे!" ते म्हणाले. इतकी वर्षं या कँटीनमध्ये जेवून त्यांना हा शोध आज लागला होता.

त्यांचंच नव्हे, सगळ्यांचंच जेवण लवकर उरकलं. खुर्च्या होत्या तेवढ्याच, माणसं होती तेवढीच. एरवी दुपारभर गजबजलेली कँटीन रिकामी झाली तेव्हा भांडी घासणाऱ्या बाईने येऊन विचारलं, आज अर्ध्या लोकांनी उपास धरलाय का?

मग मावशी उभी राहिली आणि तिने टेबलंखुर्च्या दाखवत सगळं सांगितलं. आठ मागणं, निम्मे कापणं, आणि ती स्वतः कुठे चुकली तेही. विभागप्रमुख एकमेकांकडे बघेनात. दुप्पट मागायची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, पण चारचौघांत ती पहिल्यांदाच कोणी बोललं होतं. मोठ्या बाई मात्र खाली बघत होत्या. पुढे कधीतरी कळलं, की कात्रीसाहेबांकडे स्वतःच्या खोलीसाठी पंखा मागताना त्यांनीही दोन लिहिले होते, आणि मालकिणीच्या कागदावर मात्र कात्री चालली नव्हती.

"तर आता प्रत्येकाने खरं किती लागतं ते सांगायचं," मावशी म्हणाली. "मी एकही कापणार नाही. पण खरं सांगायचं."

तेवढ्यात मागून तिच्याच विभागातला केबलवाला खाकरला. "मावशी, रागावू नका. पण आपलं ते सगळ्यांवर नजर ठेवणारं मशीन आहे ना, कोण किती वाट बघतंय ते मोजणारं… त्याला तुम्ही सोळा दिलेत."

यावर तोफखाना जो हसला, तो फाटकावरच्या ड्रायव्हरांना ऐकू गेला. "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मावशी, सोळा?"

मावशी कानापर्यंत लाल झाली. कोणी मंद चालतंय का हे बघणाऱ्या मशीननेच सगळ्यात जास्त जागा अडवली होती, आणि ते देताना तिने स्वतःच्याच कागदावर स्वतःच सही केली होती. तिने तिथेच लॅपटॉप उघडला, सगळ्यांदेखत ते मशीन बंद केलं, सोळाचे दोन केले आणि पुन्हा चालू केलं. ते निमूट चालू झालं.

"माझे चार," फूटपट्टी म्हणाले आणि त्यांनी सहीसाठी पेन काढलं. "नाही, थांबा. खरं सांगायचं तर तीन. पण चार दिलेत तर बरं."

"तीन देते. कमी पडले तर मागा, त्याच दिवशी देईन."

त्यांनी तिच्याकडे संशयाने पाहिलं, मग सही केली. खालची रेघ पट्टीने मारली.

सुट्टीच्या दिवशी मावशी आणि केबलवाल्याने एकेक करून सगळी मशीनं लहान केली. एक तारखेच्या सकाळी ती गोदामात उभी होती.  मोठ्या बाई आल्या होत्या, कोटवाला त्याची फाइल घेऊन आला होता. फाटकाबाहेर ट्रकची रांग वळणापलीकडे गेली होती. ड्रायव्हरांनी सवयीने सतरंजी अंथरली, पत्ते वाटले.

तोफखान्याने पहिली ऑर्डर टाकली आणि चहाच्या कपाकडे हात नेला. हात कपापर्यंत पोचायच्या आत लेबल बाहेर आलं. त्याने लेबलाकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं. दुसरं लेबल आलं. तिसरं आलं. मग ते यंत्र थांबेचना.

"अरे उचला! बघत काय बसलात!" तो ओरडला, आणि गोदाम जे हललं! खोकी पट्ट्यावरून धावायला लागली, हमाल धावायला लागले, शिक्के धाडधाड पडायला लागले. पहिला ट्रक भरला. दुसरा भरला. फाटकावर नावं पुकारली जाऊ लागली आणि सतरंजीवर गडबड उडाली.

"थांबा हो! आत्ता कुठे पानं लागलीत!" हातात सगळी हुकमाची पानं धरलेला एक ड्रायव्हर कळवळून म्हणाला. महिन्याभरात त्याला असा डाव लागला नव्हता. पण भिडू केव्हाच आपापल्या गाडीत चढले होते. तो बिचारा पानं तशीच खिशात कोंबून स्टिअरिंगला बसला आणि शिव्या देत फाटकाबाहेर पडला. कंपनीच्या सुधारणेचं दुःख झालेला तो एकमेव माणूस.

आणि मग ऐन भरात लेबलांचं यंत्र थांबलं.

सगळं गोदाम थबकलं. कोटवाल्याने फाइल सरळ केली. मावशी पडद्याकडे धावली. सगळं ठीक होतं, मग आता काय? तिने आलेख बघितला, कोणीच ताटकळत नव्हतं. तोफखाना यंत्रावर वाकला, झाकण उघडलं आणि सावकाश मान वर केली.

"कागद संपला," तो म्हणाला.

"काय?"

"लेबलांचा रोल संपला हो! एक रोल संध्याकाळपर्यंत पुरायचा, म्हणून एकच काढून ठेवला होता! सकाळीच संपवला याने!" आणि त्याने रिकामं नळकांडं डोक्यावर उंच धरलं. "आणा रे! दुसरा आणा! दोन आणा!"

शेवटचा ट्रक फाटकाबाहेर वळला तेव्हा भोंगा व्हायला इतका अवकाश होता, की माणसांना काय करावं ते सुचेना. माल चढवायच्या रिकाम्या धक्क्यावर सगळे नुसते उभे होते. मग कोणीतरी टाळी वाजवली, आणि टाळ्यांचा असा गजर झाला की त्यात भोंगा झाला असता तरी कोणी ऐकला नसता.

कोटवाला भला माणूस. त्याने आलेख नीट पाहिला आणि फाइल बंद केली. "आमच्याकडे आला असतात तर?" त्याने मावशीला विचारलं.

"तर सगळ्यांनी तुमच्याकडेही आठच मागितले असते," मावशी म्हणाली. "आणि तुम्ही हसत हसत दिले असते."

तो खरंच हसला. मोठ्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मावशीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो जरा जास्तच वेळ तिथे राहू दिला. "खोली तुझी," त्या म्हणाल्या. "आणि माझ्या खोलीतला एक पंखा घेऊन जा. दुसरा कधी लावलाच नाही."

दुपारी तोफखाना वर आला. त्याला परत आलेल्या मालाच्या नोंदींसाठी नवीन मशीन हवं होतं. कागदावर आधी चार लिहिलेले, ते खोडून तीन केलेले, तेही खोडलेले.

"दोन," तो म्हणाला. आणि तिच्या जवळ येऊन, त्याला जमेल तितक्या हळू आवाजात, म्हणजे मजल्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "खरे दोन हं, मावशी."

"खरे दोन दिले."

"आम्ही मघाशी बोलत होतो, की तुमचं नाव आता कात्री ठेवावं का. पण नाही. मावशीच. फक्त आता सख्खी."

मावशीने मान खाली घालून कागदावर सही केली. वर बघितलं असतं तर त्याला तिचे डोळे दिसले असते.

त्या संध्याकाळी तिला कडकडून भूक लागली होती. सासूबाई भाताचा डाव घेऊन ताटाशी आल्या. नवऱ्याने सवयीने ताटावर हात धरला.

"आई," मावशी म्हणाली, "मला दोन डाव हवेत. खरे दोन. ना चार, ना एक."

सासूबाई थांबल्या. लग्नानंतरचा पहिला आठवडा सोडला तर सुनेच्या तोंडून इतक्या वर्षांत त्यांनी 'अर्धाच'शिवाय दुसरं काही ऐकलं नव्हतं. त्यांनी एक डाव वाढला. दुसरा वाढला. तिसरा भरून ताटावर आणला, आणि तो तिथेच हवेत धरून त्या तिच्याकडे बघत राहिल्या.

"नक्की?" त्यांनी विचारलं.

"नक्की. लागला तर मागेन ना."

सासूबाईंनी डाव परत पातेल्यात ठेवला. नवऱ्याने हळूच ताटावरचा हात काढला.